तीन गुणांचे गाणे

युरोव्हिजन गीतस्पर्धा आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी मध्य युरोपात रात्री नऊ वाजता तिची अंतिम फेरी सुरू होते, तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. निकाल लागेपर्यंत पहाटेचे चार होतात. भारत या स्पर्धेत नाही, गाण्यांच्या भाषा बहुधा आपल्याला परक्या, आणि गाण्यांपेक्षा दिव्यांचा झगमगाट अधिक, अशी तक्रार खुद्द युरोपातलेही अनेक रसिक करतात. तरीही गेली काही वर्षे मी या स्पर्धेचा निकाल नेमाने पाहत आलो आहे. गाणी नंतर सवडीने ऐकता येतात. माझे कुतूहल निकालाचे आहे. मी साहित्य शिकवतो, आणि साहित्य शिकवणाऱ्या माणसाला जो प्रश्न जन्मभर टाळता येत नाही आणि धड सोडवताही येत नाही, तो तिथे दरवर्षी कोट्यवधी लोकांसमोर आकड्यांत मांडला जातो. आवडणे मोजायचे कसे, आणि मोजायचेच झाले तर कुणाचे आवडणे मोजायचे, हा तो प्रश्न.

स्पर्धेची सुरुवात २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, प्रत्येक देशाचे दोन परीक्षक. यजमान देशाची लिस आसिया ही गायिका पहिली आली. दुसरे कोण, तिसरे कोण, कुणाला किती गुण, हे मात्र त्या रात्री सांगितले गेले नाही आणि पुढेही कधी प्रसिद्ध झाले नाही. दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली, फ्रँकफर्टला गुणफलक आला. एकेका देशाला दूरध्वनी लावायचा, तिथल्या प्रवक्त्याने आपल्या परीक्षकांचे गुण सर्वांदेखत वाचून दाखवायचे आणि ते फलकावर चढत जायचे, ही रीत तेव्हापासूनची. आज प्रेक्षक ज्याची वाट पाहतात ते नाट्य या रीतीतून जन्मले आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. १९५६ च्या परीक्षकांना आपला निर्णय कुणापुढे उच्चारावा लागला नव्हता. १९५७ नंतर निर्णयाला देशाचे नाव चिकटले आणि तो ऐकणाऱ्यांना देणाऱ्याकडेही पाहता येऊ लागले.

मोजण्याची पद्धत अर्थातच अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलामागे आधीच्या पद्धतीची एखादी फजिती आहे. १९६९ साली माद्रिदला स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चार देशांना प्रत्येकी अठरा गुण मिळाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, तेव्हा चौघेही विजयी ठरले. यातल्या गमतीपेक्षा नाराजी मोठी होती. फिनलंड, नॉर्वे, स्वीडन आणि पोर्तुगाल हे देश १९७० च्या स्पर्धेत उतरले नाहीत. पुढे नियम झाले. १९९१ साली रोमला स्वीडन आणि फ्रान्स यांचे १४६-१४६ गुण झाले, तेव्हा आधी कुणाला किती वेळा बारा गुण मिळाले ते मोजले, तेही सारखे निघाले, म्हणून दहाचे गुण मोजले आणि स्वीडनला विजयी ठरवले. बारा, दहा आणि मग आठपासून एकपर्यंत, ही आजची गुणांची उतरंड १९७५ पासूनची. गणिताच्या अंगाने पाहिले तर ती अठराव्या शतकातल्या बोर्दा या फ्रेंच विद्वानाच्या कल्पनेची दूरची नातलग आहे. मतदाराने एकच नाव न देता पसंतीचा क्रम लावावा आणि त्या क्रमाला गुण द्यावेत, असे बोर्दाने १७७० साली सुचवले होते. त्याचा समकालीन काँदोर्से याने १७८५ साली दाखवून दिले की अनेकांच्या पसंतीक्रमांची गोळाबेरीज करू गेल्यास क हा ख पेक्षा सरस, ख हा ग पेक्षा सरस आणि ग मात्र क पेक्षा सरस, असे विचित्र चक्र निर्माण होऊ शकते. केनेथ ॲरो याने १९५१ साली हे आणखी पुढे नेले. वाजवी वाटणाऱ्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळून अनेकांच्या पसंतीक्रमांतून समाजाचा एक पसंतीक्रम काढणारी पद्धत असूच शकत नाही, हा त्याचा सिद्धान्त. पंचवीस-सव्वीस गाण्यांचा गुणतक्ता पाहताना हे तिघे आठवले की गुणांच्या फरकाकडे पाहण्याची आपली नजर थोडी शांत होते.

बरोबरीचा पेच पाहून संस्कृत नाट्यविचाराच्या अभ्यासकाला भरताची आठवण यावी. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय सिद्धीचा, म्हणजे प्रयोगाच्या यशाचा आहे, आणि त्यात स्पर्धेचा, परीक्षकांचा आणि पताकेचा विचार तपशिलाने केलेला आहे. परीक्षकांना भरत ‘प्राश्निक’ म्हणतो. त्यांत यज्ञविद्येचा जाणकार आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा आणि शब्द जाणणारा आहे, चित्रकार, धनुर्धर, गणिका, गायक आणि राजसेवकही आहे. प्रत्येकाने आपापल्या विद्येपुरते पाहायचे. प्रयोगातल्या चुका मोजणारे आणि लिहून ठेवणारे वेगळे. आणि दोघे तुल्यबळ ठरले तर दोघांनाही पताका देण्याची सोयही त्याने ठेवली आहे. माद्रिदच्या निकालाला युरोप हसला. भरत बहुधा हसला नसता.

पण भरताने यशाच्या खुणा केवळ प्राश्निकांच्या हाती सोपवल्या नाहीत. प्रेक्षकांचे स्मित, मोठ्याने हसणे, ‘साधु’ किंवा ‘अहो’ असे उद्गार, अंगावरचे रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या उधळणे, ही सगळी मानुषी सिद्धीची लक्षणे. जाणकार आणि सामान्य प्रेक्षक या दोघांचाही हक्क तो मान्य करतो. त्या दोन हक्कांची बेरीज करायला मात्र तो सांगत नाही. युरोव्हिजनने नेमकी ती बेरीज करून पाहिली आहे. १९९८ पर्यंत बहुतेक देशांत दूरध्वनीवरून प्रेक्षकांचे मत घेणे सुरू झाले होते. २००९ साली अंतिम फेरीत परीक्षकांना परत आणून निम्मा वाटा परीक्षकांचा आणि निम्मा प्रेक्षकांचा असे ठरले. आणि २०१६ पासून दोहोंचे गुण वेगवेगळे जाहीर होऊ लागले. आजवर पोटात दडलेले मतभेद तेव्हापासून उघड्यावर आले.

स्टॉकहोमचा २०१६ चा निकाल या दृष्टीने मला अभ्यासक्रमात लावण्याजोगा वाटतो. परीक्षकांनी ऑस्ट्रेलियाला ३२० गुण देऊन पहिले ठरवले. प्रेक्षकांनी रशियाला ३६१ गुण देऊन पहिले ठरवले. जिंकली मात्र युक्रेनची जमाला: परीक्षकांचे २११, प्रेक्षकांचे ३२३, एकूण ५३४. तिचे गाणे १९४४ साली स्टालिनने क्रिमियातून हद्दपार केलेल्या तातार लोकांविषयी होते. परीक्षकांच्याही मनात ती दुसरी, प्रेक्षकांच्याही मनात दुसरी. आणि दोन दुसऱ्या क्रमांकांतून एक पहिला तयार झाला. हा निकाल नेमका कुणाचा? दोन्ही पक्षांपैकी कुणीही ‘आम्ही हिला पहिले ठरवले’ असे म्हणू शकत नव्हते. २०२३ साली लिव्हरपूलला उलट घडले. फिनलंडच्या केरियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. परीक्षकांनी लोरीनला ३४०, केरियाला १५०. लोरीन जिंकली. प्रेक्षकांचा कौल इतका स्पष्ट असताना मूठभर परीक्षकांनी तो का फिरवावा, असा प्रश्न तेव्हा बराच विचारला गेला.

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. दरवर्षी पहिल्या सत्रात कुणीतरी तो विचारतेच. ज्या कादंबरीच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात ती अभ्यासक्रमात नाही, आणि जी ग्रंथालयात धूळ खात पडली आहे ती आम्ही तीन महिने वाचायची. हे ठरवणारे तुम्ही कोण? या प्रश्नाला पाठ्यपुस्तकी उत्तरे आहेत आणि ती मीही देतो. कांटने १७९० साली म्हटले की ‘हे सुंदर आहे’ असे म्हणताना आपण सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो, परंतु ती संमती मते मोजून सिद्ध होत नाही. शंभर जण एखाद्या गोष्टीची स्तुती करत असले तरी ती मला सुंदर भासली पाहिजे. रा. भा. पाटणकरांनी मराठीत कांट ज्या काटेकोरपणे समजावून दिला आहे, त्याच्या आधाराने मी हे विद्यार्थ्यांपुढे मांडतो. पण विद्यार्थी बावळट नसतात. शंभरांची मते ज्याला बांधत नाहीत, त्याला पाच परीक्षकांची तरी का बांधावीत, असे ते पुढे विचारतात. कांटच्या न्यायाने दोन्ही रकाने सारखेच अपुरे ठरतात.

प्रेक्षकमताची दुसरी बाजूही आहे आणि ती अप्रिय आहे. ग्रीस आणि सायप्रस यांनी एकमेकांना बारा गुण द्यायचे, हा तर स्पर्धेतला जुना विनोद झाला आहे. शेजाऱ्यांची ही देवाणघेवाण म्हणजे निव्वळ राजकारण, असे सरसकट म्हटले जाते. गिन्सबर्ग आणि नूरी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली निकालांचा अभ्यास करून जो निष्कर्ष काढला तो अधिक विचार करायला लावणारा आहे. या मतांमागे सौदेबाजीपेक्षा भाषेची आणि संस्कृतीची जवळीक अधिक दिसते, असे त्यांना आढळले. म्हणजे लोक शेजाऱ्याला मत विकत नाहीत. ज्या चाली आणि जे शब्द लहानपणापासून कानावर पडले ते त्यांना खरोखरच गोड लागतात. रुची घडते ती अशीच. आपल्या वाङ्मयीन अभिरुचीचे तरी दुसरे काय असते? ओवीच्या लयीवर वाढलेल्या कानाला जे सहज भिडते ते भिडायला इतरांना वाट वाकडी करावी लागते.

राजकारण येते तेव्हा ते निराळ्या वाटेने येते. २००९ च्या स्पर्धेत आर्मेनियाच्या गाण्याला मत दिले म्हणून अझरबैजानात काही जणांना सुरक्षा यंत्रणेने चौकशीला बोलावले. असे मत देणारे सगळे मिळून त्रेचाळीस जण होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. गाणे आवडणे हा पुरावा ठरला. २०२२ साली तुरीनला युक्रेनच्या कालुश ऑर्केस्ट्राला प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले, तेव्हा आक्रमणाला तीन महिनेही झाले नव्हते. परीक्षकांच्या यादीत तेच गाणे चौथे होते. २०२५ साली बाझेलला प्रेक्षकांनी इस्राएलला २९७ गुणांसह पहिले ठरवले, परीक्षकांनी साठ दिले, आणि ऑस्ट्रियाचा जेजे ४३६ गुणांनी जिंकला. एकेका माणसाला वीस मते देण्याची जी मुभा होती ती त्यानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, दहावर आणण्यात आली. पुढच्याच महिन्यात स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी इस्राएलच्या सहभागामुळे २०२६ च्या स्पर्धेतून बाहेर राहण्याचे जाहीर केले. या आकड्यांत गाणे किती आणि युद्ध किती, हे वेगळे काढणारी चाळणी कुणाजवळ नाही. ती असावी की नाही, याविषयीही मी साशंक आहे. १९९३ साली आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीट गावी गुण सांगण्याची पाळी बोस्नियाची आली, तेव्हा वेढ्यात अडकलेल्या सारायेवोतून खरखरत्या उपग्रह दूरध्वनीवर एक आवाज आला आणि सभागृहाने टाळ्यांचा गजर केला. त्या क्षणी कुणाला किती गुण मिळाले हे आज क्वचितच कुणाला आठवत असेल. बोस्नियाचे स्वतःचे गाणे सत्तावीस गुण घेऊन सोळावे आले.

इथवर आल्यावर मी वर्गात एक प्रयोग करतो, त्याविषयी सांगायला हवे. समीक्षेच्या तासाला मी विद्यार्थ्यांना १९७४ च्या स्पर्धेतली पाच गाणी ऐकवतो. देश, साल, गायक काहीच सांगत नाही. क्रम लावा आणि कारण लिहा, एवढेच. ‘ॲबा’चे ‘वॉटर्लू’ कुणीतरी ओळखते आणि ते बहुधा पहिले येते. खुद्द ब्रायटनलाही तेच चोवीस गुणांनी पहिले आले होते. पोर्तुगालच्या पाउलो द कार्व्हालो याचे ‘ए देपोइश दू अदेउश’ हे गाणे या क्रमात तळाशी जाते. शीर्षकाचा अर्थ ‘आणि निरोपानंतर’. विरहाचे, संथ, जरासे जुन्या वळणाचे गाणे. विद्यार्थी लिहितात: ‘आवाज चांगला, पण लक्षात राहत नाही.’ ब्रायटनच्या परीक्षकांचेही तेच मत झाले होते. त्या वर्षी प्रत्येक देशाचे दहा परीक्षक होते आणि प्रत्येकाला एकच मत. इतर सोळा देशांतल्या एकशेसाठ जणांपैकी तिघांनी हे गाणे निवडले. तीन गुण, आणखी तीन देशांसोबत शेवटचा क्रमांक. तारीख ६ एप्रिल १९७४.

मग मी पुढची तारीख सांगतो. २४ एप्रिल १९७४, म्हणजे अठरा दिवसांनंतर, रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका आकाशवाणी केंद्रावरून हेच गाणे वाजले. तो सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांसाठी ठरवलेला पहिला संकेत होता: तयार राहा. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावरून दुसरे गाणे वाजले, जोजे आफोन्सो याचे ‘ग्रांदोला’, आणि सैन्य निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत १९२६ पासून चालत आलेली हुकूमशाही कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. पहिल्या संकेतासाठी हे गाणे निवडले गेले याचे कारण त्यात राजकारणाचा लवलेश नव्हता. प्रेमभंगाचे, नुकतेच स्पर्धेत जाऊन आलेले गाणे रात्री वाजले तर संशय कुणाला येणार? एकशेसाठ परीक्षकांना ज्याच्यात विशेष काही सापडले नाही, त्याचे ते विशेष नसणेच कामी आले.

हे ऐकवून मी तेच गाणे पुन्हा लावतो आणि विचारतो, कुणाला क्रम बदलायचा आहे का? दरवर्षी निम्मा वर्ग बदलतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, “सर, गाणं तेच आहे. मगाशी पाचवं होतं, आता पहिलं कसं होईल?” मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मग आत्ता अंगावर काटा का आला तुझ्या?” ती म्हणाली, “काटा आला, पण तो गाण्यानं आणला की तुम्ही सांगितलेल्या गोष्टीनं, हे मला कळत नाहीये. कळेपर्यंत मी गुण बदलणार नाही.” मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या अंतर्गत लयीत, संवाद-विरोध-समतोलाच्या रचनेत शोधले, त्यांच्या बाजूने या मुलीने जेवढे नेमके सांगितले तेवढे मला तासभर बोलूनही सांगता येत नाही. आणि मागच्या बाकावरच्या मुलाचे म्हणणेही खोडता येत नाही, कारण काटा ही भरताने मान्य केलेली खूण आहे.

मी त्या दोघांत निवाडा केला नाही. मला त्यातून एवढे मात्र उमगले की निकाल आणि गाण्याचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींकडून अपेक्षा करू नये. तीन गुण हा चुकीचा निकाल नव्हता. ६ एप्रिलच्या रात्री, तीन मिनिटांत, परक्या भाषेतले गाणे ऐकून ज्यांना जे वाटले ते त्यांनी दिले. त्यांना २४ एप्रिल ठाऊक असणे शक्य नव्हते. निकाल हा एका विशिष्ट रात्रीच्या विशिष्ट ऐकणाऱ्यांचा असतो. तो त्यांच्याविषयी खरे बोलतो, आणि गाण्याविषयी फक्त त्या रात्रीपुरते. म्हणूनच कोण देतो आहे आणि कशाच्या आधारावर, हे उघड असणे महत्त्वाचे. लुगानोच्या बंद निकालातून आपल्याला एका विजेतीचे नाव तेवढे मिळते. ब्रायटनच्या उघड निकालातून एक काळ, त्याची रुची आणि त्याच्या मर्यादा वाचता येतात.

आमच्या व्यवसायात हे उघडेपण कमी आहे. पुरस्कारांच्या समित्या एका ओळीचे पत्रक काढतात. उत्तरपत्रिकेवर आकडा असतो, त्यामागचा वाचक अदृश्य असतो. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेविषयी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत असूनही सुरुवातीला वाजवणारे मागे पडतात, आणि तरीही तिथला क्रमांक पुढच्या सगळ्या कारकिर्दीला पुरतो. पन्नास उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासमोर बसणाऱ्या कुणालाही हे वाचून अस्वस्थ व्हावे लागेल. गुण देणे थांबवता येत नाही, विद्यापीठाला ते हवेच असतात. पण वर्गातल्या निबंधांवर मी आता गुणांखाली दोन ओळी लिहितो: मला इथे काय दिसले, आणि काय दिसू शकले नाही. वेळ दुप्पट लागतो. विद्यार्थी त्या ओळींवर वाद घालायला येतात, आणि आकड्यावर जो वाद घालता येत नाही तो त्या ओळींवर घालता येतो.

पोर्तुगालने १९६४ साली शून्य गुणांनी या स्पर्धेत पाऊल ठेवले आणि त्रेपन्न वर्षांनी, २०१७ साली कीव्हला, साल्व्हादोर सोब्रालच्या गाण्याने ७५८ गुण मिळवून ती जिंकली. परीक्षक आणि प्रेक्षक या दोघांनीही त्याला पहिले ठरवले होते; तोवर इतके गुण कुणालाच मिळाले नव्हते. गाणे खरोखरच सुंदर आहे. कागद उलटा ठेवणाऱ्या त्या विद्यार्थिनीला मी ते ऐकवले, तेव्हा तिने विचारले, “याच्यानंतर काय झालं, सर?” काही झाले नाही, असे मी सांगितले. तिने पुन्हा एकदा ऐकले, आणि मग त्याला आपल्या यादीत दुसरे स्थान दिले. पहिले कोणते, ते तिने अजून ठरवलेले नाही.